अकरा आजारी

फॉर्मालिन या शब्दाभोवती अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी लाल शाईनं गोल काढला होता आणि पुढं एक प्रश्नचिन्ह टाकलं होतं. बस्स, तेवढंच. कागद टेबलावर कधी येऊन पडला हे दामारिसला कळलंही नव्हतं. कॉफीचा पेला ठेवायला जागा करताना तो हाताला लागला आणि तो लाल गोल पाहून आधी तिला हसूच आलं. पाहणीला गेलेली पोरं विद्यापीठातली, मकास्सर शहराच्या सपाटीवर वाढलेली. डोंगरात जाऊन काय वाट्टेल ते लिहून आणतात. मग नजर त्या ओळीवरून मागं मागं सरकत गेली. चालू औषध : फॉर्मालिन, सुईवाटे. कधीपासून : चार वर्षं. प्रकृती : आजारी, अंथरुणाला खिळून. घरप्रमुखाशी नातं : बायको. वय : पासष्ट. नाव : लुदिया. गाव : बुंतू पारे. पेला कुठं ठेवायचा तेच तिला मग सुचेना. तो हातातच राहिला, बोटं भाजायला लागली तरी राहिला. ही तिच्या आईच्या नावाची ओळ होती.

खरं तर ही ओळ तिनं तीन आठवड्यांपूर्वीच पाहायला हवी होती. तपासणी तिचीच होती. वरच्या खोऱ्यात धरण होणार, त्याची वीज खाली किनाऱ्यावरच्या निकेलच्या भट्ट्यांना जाणार, आणि बुंतू पारेची एक्केचाळीस घरं पाण्याखाली जाणार; तर त्या घरांवर काय परिणाम होईल तो धरणाला कर्ज देणाऱ्या बँकेला मोजून द्यायचं काम तिच्या कचेरीनं घेतलेलं. मोजायचं म्हणजे सगळं मोजायचं. माणसं किती, शिकलेली किती, आजारी किती, डुकरं किती, रेडे किती, कॉफीची झाडं किती, गाव सोडायला तयार किती. पोरं कागद भरून आणत, दोन मुली ते यंत्रात चढवत, आणि दामारिस एकेक ओळ पडताळून शेवटी खाली सही करी. सतरा गावांच्या ओळी तिनं अशा डोळ्यांत तेल घालून पाहिल्या होत्या. बुंतू पारेची पानं मात्र नुसती बेरजेपुरती चाळली. आपल्याच गावाचं आपण तपासू नये, ते बरं दिसत नाही, असं तिनं स्वतःला पटवलं होतं. चांगलं कारण होतं. आणि साफ खोटं होतं. त्या पानांत आपल्याला काय भेटणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती त्या वाटेला गेली नव्हती.

तिच्या डोंगरात श्वास थांबला म्हणून कुणी मरत नाही. श्वास थांबला की माणूस आजारी पडतं. दक्षिणेकडच्या खोलीत त्याचं अंथरूण घालतात, सकाळी उशाशी कॉफी ठेवतात, जेवणाच्या वेळी ताट. आल्यागेल्याला त्याची विचारपूस करावी लागते, आणि घरात काही ठरवायचं झालं की त्याच्या कानावर घालावं लागतं. पापुआत गेलेले भाऊ परत यायला हवेत, रेडे जमायला हवेत, कुणाला वर्ष लागतं, कुणाला दहा. मग सगळं जमलं, अंगणात पहिला रेडा पडला आणि घरच्यांनी अंथरुणाच्या डोक्याची दिशा फिरवली की त्या क्षणी ते माणूस मेलं. त्याआधी मेलं म्हणणं म्हणजे निव्वळ उद्धटपणा. चार वर्षांपूर्वी मार्चात आंबेंचा, तिच्या वडलांचा, फोन आला होता. इंदो, तिची आई, वर्षभर कण्हत होतीच, पण त्या दिवशी ते शांतपणे म्हणाले, "इंदो आता पुरती आजारी आहे. ये." दामारिसला कळलं. रडू आलं नाही, नुसतं कानांत भणभणलं. ती रजा मागायला गेली, तर छापील अर्जात आजारी आईसाठी रकानाच नव्हता. निधन : तीन दिवस. तिनं निधनावर खूण केली, तारीख टाकली, चौदा मार्च, आणि सही केली. दोन मिनिटांचं काम. पलीकडच्या टेबलावरच्या हास्नीनं उठून गळामिठी घातली, म्हणाली, "आई गेली का गं?" आणि दामारिसच्या तोंडून निघून गेलं, "हो, गेली."

मग दिवसभराची बस, वळणं, मळमळ, आणि संध्याकाळी घर. वरच्या खोलीत इंदो स्वच्छ सारोंग नेसून पडलेली, आणि रांतेपाओहून आलेला सुईवाला, अंग टिकावं म्हणून फॉर्मालिन टोचून, आपली पिशवी आवरत होता. आंबे तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "बघ, दामारिस आली." मावशीनं ढोसलं, "बोल की गं. वाट बघत होती तुझी." आणि दामारिसला बोलता येईना. तोंड उघडलं, पण तिथं खाली शहरात लिहिलेला तो शब्द बसला होता, सहीसकट. ज्या तोंडानं आई गेली म्हणून सांगितलं त्याच तोंडानं, इंदो, कशी आहेस, हे कसं विचारायचं? ती उंबऱ्यातच उभी राहिली. त्यानंतर दोनदा गेली, दोनदाही उंबऱ्यातच उभी राहिली. मावशी म्हणाली, शहरात जाऊन पोरीच्या जिभेला गंज चढला. दर रविवारी आंबेंचा फोन येई, पावसापाण्याचं, कॉफीच्या फुलोऱ्याचं बोलून झालं की शेवटी ते म्हणत, "इंदो विचारतेय, जेवलीस का?" आणि दर रविवारी दामारिस म्हणे, "बरं आंबे, ठेवते." दोनशेच्या वर रविवार झाले असतील. एकदाही तिनं त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. लाज कशाची वाटत होती तेही तिला नीट सांगता आलं नसतं. घरी गेली की शहराची लाज, शहरात आली की घराची.

वय पासष्ट. ती पुन्हा त्या आकड्याशी थबकली. अर्जात तिनं एकसष्ट लिहिलं होतं. म्हणजे आंबेंनी ही चार वर्षंसुद्धा इंदोच्या खात्यात धरली होती. तिनं बुंतू पारेची सगळी पानं यंत्रावर उघडली आणि पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचली. ने' पुंबोन, म्हणजे पुंबोनआजोबा, आजारी, सहा वर्षं. ताबिता, आजारी, दीड वर्ष. कुठं 'खोकला नाही', कुठं 'खात नाही, ताट मात्र ठेवतात' असं एका पोरानं चक्क शेऱ्यात लिहिलेलं. बिचारा. त्याला ताटाचं कोडं पडलं असेल, पण पुढं विचारायचं धाडस झालं नसेल. अकरा निघाले. गावात एकूण दोनशे तीन. तिनं पुढं आरोग्याचं प्रकरण उघडलं, ते खुद्द पाक विबिसोनोंनी लिहिलेलं, या कचेरीच्या साहेबांनी. त्यात छान भाषेत म्हटलं होतं की गावात अकरा रुग्ण वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून असून त्यांना कसलीही वैद्यकीय मदत पोचलेली नाही. प्रकल्पाचा लाभ म्हणून नव्या वसाहतीत अकरा खाटांचा दवाखाना देण्यात येईल. दामारिसला एकदम इतकं हसू फुटलं की हास्नीनं मान वर केली.

"काय गं दामा, एकटीच?"

"काही नाही. आमच्या गावाला दवाखाना मिळतोय."

"मग चांगलंय की."

"हो ना. बरे होतील सगळे." आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं बाहीनं पुसलं. एवढ्यात आतून बोलावणं आलं.

पाक विबिसोनो जावाकडचे, आवाज कधी न चढवणारे. त्यांच्या ओरडण्याची नव्हे, मऊपणाचीच दामारिसला धास्ती वाटे; रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. "बसा," ते म्हणाले. "हे फॉर्मालिनचं काय प्रकरण? डॉक्टरीणबाई म्हणतायत, गावात कुणी विष घालतंय की काय."

"ते आजारी आहेत, पाक. आमच्यात तसं म्हणतात. श्वास थांबलेला असतो, पण अजून पाठवणी झालेली नसते."

त्यांना उमजायला दोन क्षण लागले. मग हसू आलं, ते त्यांनी लगेच हातानं झाकलं आणि मान लववून माफी मागितली. "म्हणजे वारलेले आहेत."

"आजारी आहेत."

"अकराही?"

"अकराही."

"आणि मी त्यांच्यासाठी खाटा टाकल्यात." त्यांनी कपाळ चोळलं. "बरं झालं आत्ताच कळलं. बँकेपुढं गेलं असतं तर शोभा झाली असती. अकरा ओळी गाळून टाका. आज चारला अहवाल पाठवायचाय."

ती उठली नाही. उठायला हवं होतं, सात वर्षं ती याच क्षणी उठत आली होती. "दोनशे तीनमधून अकरा गेले की एकशे ब्याण्णव राहतात, पाक."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "राहतात."

"आणि दोनशेच्या आत आलं की सुनावणी होत नाही. दोनशे आणि वर असले, तर गावात येऊन, गावाच्या भाषेत, ध्वनिक्षेपक लावून विचारावं लागतं. नकार आला तर तोही लिहून घ्यावा लागतो. दोनशेच्या आत नुसती पत्रं जातात. तारीख असते आणि ट्रकचा नंबर असतो."

"बँकेचा नियम आहे. मी नाही केला."

"मीही नाही केला. पण ओळी गाळायच्या तर यंत्र कारण मागतं. कारण निधन टाकलं की तारीख मागतं. कुठली तारीख टाकू? रेडा अजून पडलेला नाही."

पाक विबिसोनोंनी आपल्या यंत्रावर काहीतरी शोधलं आणि पडदा सावकाश तिच्याकडं वळवला. तिचाच अर्ज. निधनापुढची खूण, चौदा मार्च, आणि खाली तिची गोल गोल सही, चार वर्षांपूर्वीची, जराशी घाईतली. "एकीची तरी तारीख आहे आपल्याकडं," ते म्हणाले, आणि तेही मऊच. "दामारिस, मी तुम्हाला दुखवत नाहीये. तुम्हीच लिहिलंयत हे."

तिच्या कानशिलांना चटका बसला. पहिलं काय वाटलं असेल तर, सुटलो. झालं, उघडे पडलो, आता गाळून टाकू आणि कोतो, ते मटणाचं सूप, खायला जाऊ. इतकी वर्षं जे दोन तोंडांनी बोलत होतो ते एकदाचं एका तोंडाचं होईल. आणि त्याच्याच मागोमाग, अगदी पोटातून, इतका राग वर आला की तिला स्वतःचंच नवल वाटलं. राग त्यांच्यावर होताच, पण त्याहून जास्त त्या सहीवर होता. तीन दिवसांसाठी आपण आपली आई देऊन टाकली, आणि हा माणूस आता तिच्या बदल्यात आख्खं गाव मागतोय.

"ती रजेची भाषा होती, पाक," ती म्हणाली. "तुमच्या अर्जात आजारी आईला जागा नव्हती, म्हणून मी खोटं लिहिलं. चूक माझी. पाहिजे तर ते तीन दिवस कापून घ्या."

"भावना मी समजू शकतो. माझीसुद्धा आई..."

"भावना नाही सांगत. मोजणी सांगतेय. पाहणीच्या नियमपुस्तकाचं पान बारा. घरातलं माणूस म्हणजे कोण? जे गेल्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त या छपराखाली निजलं आणि ज्याचा वाटा घरच्या हंडीतून निघतो. पोरांना हे मीच घोकून घेतलं, तुम्ही समोर बसला होता. इंदो वर्षाच्या सगळ्या रात्री त्या छपराखाली निजते. सकाळी तिची कॉफी निघते, दुपारी तिचा भात निघतो. आणि मी? मी गेल्या वर्षी नऊ रात्री निजले तिथं. मला त्या घरात मोजलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे. तिला मोजलंय, तेही बरोबर आहे."

"पान बारा लिहिताना कुणाच्या डोक्यात हे नव्हतं."

"नसेल. आमच्या डोक्यात कायम असतं. आणि तिथून गाळून टाकू कुठं? तुमच्या तक्त्यात माणसांचा रकाना आहे आणि थडग्यांचा आहे. कड्यात कोरलेल्या खोल्या तुम्ही थडगी म्हणून मोजल्यात, एकोणीस. त्यांत इंदो नाही. माणसांतूनही काढली, तर ती कुठंच नाही. घरात पडलेलं माणूस कुठंच नाही, असं माझ्या सहीखाली जाणार नाही. तुम्हाला गाळायचं असेल तर गाळा, पण तुमच्या सहीनं. अकरा तारखा तुम्ही शोधा. आणि तपासनिसाची सही का नाही असं बँकेनं विचारलं, तर मी सांगेन."

पाक विबिसोनोंनी तो अर्ज बंद केला, इंदोची ओळ उघडली आणि बोट शेवटच्या रकान्यावर ठेवलं. जागा सोडायला तयार आहे का : कोरं. अकराही जणांचं कोरं. पोरांनी आजाऱ्यांना त्रास दिला नव्हता. "अर्धवट ओळ बँक धरत नाही," ते म्हणाले. "हेही तुम्हीच पोरांना शिकवता. उत्तर नाही, तर माणूस नाही. मला गाळायची गरजच पडणार नाही, दामारिस. चारला त्या आपोआप गळतील." आणि त्यांनी हात जोडून तिला बाहेरचा रस्ता दाखवला.

घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. वातानुकूलनाचं यंत्र नेहमीसारखं बादलीत ठिबकत होतं. दामारिसनं फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. आंबे फोनवर आले ते कोंबडीला हुसकतच. "आज रविवार नाही," ते म्हणाले. "कोण आजारी पडलं?"

तिनं सगळं सांगितलं. सुईचं, लाल गोलाचं, अकरा खाटांचं. आंबे इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अगं, पोरगा म्हणाला, आजीला औषध काय चालू आहे. सरकारी कागद होता, खोटं कशाला सांगायचं? मी म्हटलं, फॉर्मालिन. त्यानं विचारलं, गुण आहे का. म्हटलं, खराब तर काही झालं नाही."

तिलाही हसू आलं, तसंच तिनं विचारलं, "पण आंबे, अकरा? मी लहान होते तेव्हा दोन-तीन घरांत असायचे."

"नेणार कुठं मग?" आंबे म्हणाले. हसणं आवाजातून गेलं होतं. "कड्याला लाल रंगाची रेघ मारून गेलेत तुमचे लोक. इथवर पाणी येणार म्हणे. खोल्या सगळ्या रेघेच्या खाली. पाण्यात कोण ठेवतं आपलं माणूस? ताबिताच्या घरी रेडे तयार आहेत दीड वर्ष, नुसता चारा खातायत. पुंबोनचे मुलगे पापुआहून येऊन, बसून, परत गेले. ही रेघ मारल्यापासून या गावात कुणी मेलेलं नाही, दामारिस. मरायची सोयच ठेवली नाही."

तिनं ते डॉक्टरीणबाईंच्या कागदाच्या पाठीवर जसंच्या तसं लिहून घेतलं. सतरा गावं मोजली, डुकरांच्या कानांपर्यंत सगळं मोजलं, आणि हे मोजायचं कुणाला सुचलं नव्हतं. तिलाही नव्हतं. गावात माणसं आजारी पडून अडकली आहेत, पुढं जाता येत नाही, मागं येता येत नाही, आणि आपण दर रविवारी पावसापाण्याचं विचारून फोन ठेवतोय. याहून मोठा परिणाम तो कुठला असतो? अकरा हा चुकून पडलेला आकडा नव्हता. त्या आख्ख्या अहवालात खरा आकडा तोच एक होता. आता काय वाट्टेल ते होवो, तो मी खोडणार नाही, असं तिनं मनाशी धरलं आणि धरल्यावर तिला भूक लागली, पण ती जेवायला उठली नाही.

"आंबे, त्यांना विचारायला लागेल. प्रत्येकाला. घर सोडायला तयार आहेस का म्हणून. चारच्या आत."

"विचारू की. त्यात काय." जणू शेजारून विळा मागून आणायचा होता. "घरचे विचारतील, मी समोर उभा राहीन. काठी घेतो, निघतोच."

तीन तास. हास्नीनं दोनदा येऊन खायला चल म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा तळलेल्या केळ्यांचा पुडाच आणून ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. तिला एव्हाना सगळं कळलं होतं. त्या कचेरीत भिंती पुठ्ठ्याच्या. "एक बोलू का, राग नको मानू," ती म्हणाली. "आमच्यात संध्याकाळच्या आत मातीआड करतात. चार वर्षं घरात... मला तर बाई घास उतरणार नाही."

"तू तुझ्या आजीच्या कबरीवर जाऊन बोलतेस ना? बाहेरून. आम्ही आतून बोलतो."

"तू बोलतेस?"

दामारिसनं केळ्याचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "नाही," ती म्हणाली. "मी नाही बोलत." हास्नीनं पुढं विचारलं नाही, पण उठूनही गेली नाही. दामारिसला मग डोळ्यांपुढं दिसत राहिलं, आंबे काठी टेकत बांधावरून चाललेत, घराघराच्या जिन्याशी चपला काढतायत, वर जातायत. ताबिता, ऐकतेस का? ती लहान असताना ताबितानं तिला बांबूत भाजलेलं डुकराचं मटण सालपटासकट खायला लावलं होतं, गंमत म्हणून, आणि इंदो तिच्या अंगावर झाडू घेऊन धावली होती. इंदो भांडखोर होती. बाजारात कॉफीचं माप मारणाऱ्या व्यापाऱ्याचं माप तिनं हिसकून नदीत फेकलं होतं. तिनं कधी कुणाला हो म्हणून पटकन सोडलं नाही. तिच्या पोटी ही अशी कशी निपजले मी, दर वेळी बरं म्हणून उठणारी? आज नाही उठले, हेच तिनं पुन्हा पुन्हा मनाशी म्हणून घेतलं.

फोन आला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. आंबेंना धाप लागली होती. त्यांनी नावं सांगितली, तिनं ओळी भरल्या. पुंबोन : नाही. ताबिता : नाही. एस्तेर : नाही. नऊ नाही झाले. "आणि ने' सुलेमान हो म्हणतो," आंबे म्हणाले.

तिचा हात थांबला. "खरंच?"

"सुनेनं विचारलं, मी ऐकलं. तिकडं डांबरी रस्ता आहे, माणसांना भेटायला यायला बरं पडेल, असं त्याचं म्हणणं. म्हातारा पहिल्यापासून उंडगाच. बाजाराच्या दिवशी कधी घरी सापडला होता? हो लिही. खोटं नको लिहूस."

तिला वाटलं, एवढं एक नाही करून टाकावं, कोण बघतंय. पण पाक विबिसोनो काचेपलीकडं हाताची घडी घालून उभे होते, आणि त्याहीपेक्षा ने' सुलेमान होता. तिनं हो लिहिलं. दहा ओळी भरल्या. इंदोच्या ओळीतला रकाना तेवढा कोरा राहिला. "आणि आपल्या घरी, आंबे? तिला विचारलंत?"

"नाही."

"अहो, पावणेचार झाले."

"मी नाही विचारणार," आंबे म्हणाले. "माझं तिचं रोजच बोलणं आहे. तुझं तू विचार. चार वर्षं रुसलीय ती तुझ्यावर."

लाकडी फळ्यांची करकर ऐकू आली. आंबे जिना चढत होते, दक्षिणेच्या खोलीचं दार ढकलत होते. त्या दाराचा आवाज तिला हजारांत ओळखता आला असता. मग फोन कशावर तरी टेकल्याचा आवाज, आणि आंबेंचा, जरा लांबून, "बोल आता. उशीशी ठेवलाय." दामारिसनं आजूबाजूला पाहिलं. यंत्रात चढवणाऱ्या दोघी मुली काम थांबवून बघत होत्या. पाक विबिसोनो दार उघडून आत आले होते. हळू बोलता आलं असतं, बाहेर जिन्यात जाता आलं असतं. इतके रविवार ती जिन्यातच बोलली होती. तिनं फोन टेबलावर ठेवला, आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला, आणि उंबऱ्यावरून आत पाय टाकावा तशी डोंगरातल्या आपल्या भाषेत बोलली.

"इंदो, मी दामारिस."

आवाज फुटला, तो तिनं फुटू दिला. "मी कागदावर तुला गेली म्हणून लिहिलं होतं. रजेसाठी. ते माझ्याकडून चुकलं. आज इथं त्याच कागदावरून भांडण चाललंय, आणि तुझी ओळ भरायची राहिलीय. मला खरं काय ते सांग, दुसऱ्या कुणाचं ऐकू नकोस, माझंही नको. तुला हे घर सोडायचंय का?"

फोनमधून लांबवर कोंबडा आरवला. फळी एकदा करकरली. कुणीतरी, बहुधा आंबेंनीच, पेला उचलून पुन्हा ठेवला. दामारिसनं घाई केली नाही. इंदो भांडायच्या आधी नेहमी असाच श्वास रोखून धरायची, हे तिला आठवलं, आणि मग तिला ऐकू आलं. कानानं की कशानं ते तिला कुणी विचारलं असतं तर तिनं त्याच्या तोंडावर दार लावलं असतं.

"काय म्हणाल्या?" हास्नीनं हळूच विचारलं.

"नाही म्हणाली," दामारिस म्हणाली आणि तिनं रकान्यात नाही लिहिलं. खाली बेरीज आली, दोनशे तीन. कागदाच्या पाठीवरचं आंबेंचं बोलणं तिनं आरोग्याच्या प्रकरणात, अकरा खाटांच्या जागी, एकही शब्द न बदलता उतरवलं. सही केली. चार वाजायला सहा मिनिटं होती. पाक विबिसोनो तिच्या खांद्यामागं उभे राहून पडदा वाचत होते. त्यांनी हात पुढं केला असता तर तिनं तो धरून बाजूला केला असता, पण त्यांनी केला नाही. ते फक्त म्हणाले, "एक हो आहे यात."

"आहे. त्यांना जायचंय," ती म्हणाली आणि तिनं अहवाल बँकेकडं पाठवला.

फोन अजून चालूच होता. आंबे पुन्हा जवळ आल्यासारखे वाटले, खाकरले. "दामारिस, इंदो विचारतेय..."

"ऐकलं मी, आंबे," दामारिस म्हणाली. "अजून नाही जेवले, इंदो."